गॅरेजमधली वकिलात

पृथ्वीवरचा एक आख्खा देश टेक्सासमध्ये, शुगर लँडच्या एका गॅरेजात, वॉशिंग मशीनच्या शेजारी भरतो, आणि तो चालवतात माझे मावससासरे. म्हणजे बायकोच्या मावशीचे यजमान, ज्यांना मीही काकाच म्हणतो. देश म्हणजे पॅसिफिक महासागरातलं एक चिमुकलं बेट. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण लिहायचं तर काकांना विचारावं लागेल आणि काका ते परराष्ट्र मंत्रालयाला विचारतील. तरुणपणी ते तिथे तेलाच्या टाक्या बांधायला गेले होते. तेव्हा ज्याच्याबरोबर रोज मासे-भात खाल्ला तो कारकून पुढे मंत्री झाला, आणि ह्यूस्टनच्या बाजूला आपलं कुणी असावं म्हणून त्याने निवृत्त काकांना मानद वाणिज्यदूत नेमलं. "मानद म्हणजे बिनपगारी," मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगते, "आणि बिनपगारी कामाला सुट्टी नसते."

काकांच्या बोलण्यातलं 'आमच्याकडे' म्हणजे नक्की कुठे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते नागपूर असू शकतं, टेक्सास असू शकतं, पण बहुतेक वेळा ते बेटच असतं. एकदा ते फोनवर "आमच्याकडे वादळ येतंय" म्हणाले म्हणून मी धावत जाऊन पाण्याच्या बाटल्यांनी गाडी भरून आणली. वादळ निघालं पॅसिफिकमध्ये. "चिंता करू नकोस," काकांनी मलाच धीर दिला, "सरकार सज्ज आहे." आमचे दाताचे डॉक्टर, एक गुजराती गृहस्थ, त्या बेटाच्या शेजारच्या बेटाचे मानद दूत आहेत. दोन्ही देशांत मासेमारीच्या हद्दीवरून वाद पेटला तेव्हा काकांनी आपलं रूट कॅनॉल कॅन्सल केलं. गाल सुजून लाडवासारखा झाला, पण "बोलणी चालू असताना मी त्यांच्यापुढे तोंड उघडणं बरोबर दिसणार नाही" हे त्यांचं म्हणणं. करार झाल्याची बातमी आली त्या दिवशी मावशीने देवापुढे साखर ठेवली आणि काकांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

या सगळ्याला आम्ही मंडळी हसायचो. आमच्या मराठी मंडळात तर त्यांचं नावच 'हिज एक्सलन्सी' पडलं होतं. मग मागच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी, आम्ही त्यांच्याकडे जेवायला बसलो असताना, गॅल्व्हस्टनच्या एका हॉस्पिटलमधून फोन आला. एका मालवाहू जहाजावरच्या, काकांच्या त्या बेटाच्याच एका खलाशाला तिथे आणून ठेवलं होतं आणि जहाज पुढे निघून गेलं होतं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, पण तो ऑपरेशनला तयार नव्हता. इंग्रजी येत होतं, तरी तो "नो" शिवाय काही बोलत नव्हता. काका भरल्या ताटावरून उठले आणि त्या भयंकर उकाड्यात कोट-टाय घालून माझ्या गाडीत बसले.

खलाशी चाळिशीचा, आडदांड माणूस. भिंतीकडे तोंड करून पडला होता. काकांनी त्याच्या भाषेत, अडखळत, काहीतरी विचारलं. तो झटकन वळला. मग दोघं बराच वेळ बोलत राहिले. काकांना शब्द सापडला नाही की तो सुचवायचा, आणि एकदा तर एवढ्या कळांमध्येही काकांचा उच्चार ऐकून हसला. काका बाहेर आले तेव्हा त्यांचा कोट घामाने भिजला होता.

"मरणाला घाबरत नाहीये तो," ते म्हणाले. "इथे मेलो तर परक्या मातीत पुरतील, आईला दिसणारही नाही, याला घाबरतोय. मी सांगितलं, काहीही झालं तरी आपलं सरकार तुला घरी नेईल. सही केली त्याने."

"काका, सरकारने असं कधी ठरवलं?"

"आत्ता. मीच ठरवलं."

ऑपरेशन संपेपर्यंत काका खुर्चीच्या अगदी कडेला, ताठ बसून होते. सर्जन बाई बाहेर आल्या आणि "ही इज फाइन" म्हणाल्या, तशी त्यांनी टाय सैल केली, मागे टेकले आणि तिथेच घोरायला लागले. इतकं निश्चिंत घोरणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मलाही एकदम हलकं वाटलं. त्या घोरण्याचा आवाज थांबू नये असंच वाटत होतं.

खलाशी बरा होईपर्यंत त्यांच्याच घरी राहिला. मावशीने त्याला मऊ भात नि मेतकूट खाऊ घालून चालता केला, आणि कागदपत्रं झाल्यावर काका त्याला एअरपोर्टवर सोडून आले. पुढे दिवाळीच्या सुमारास मी त्यांच्याकडे असतानाच त्याचा फोन आला. त्याच्या आईला बोलायचं होतं. काका उठून उभे राहिले. म्हातारी बरंच बोलली. काका नुसते हुंकार देत होते.

"काय म्हणाली?" मावशीने विचारलं.

"काही विशेष नाही," काका म्हणाले. "जेवलास का, म्हणून विचारत होती."

फोन कधीच बंद झाला होता. काका मात्र तो हातात धरून तसेच उभे होते. मावशीने त्यांच्यासाठी जेवणाचं पान घ्यायला सुरुवात केली.