रेडिओवर वांगं

आमच्या घरात छंद एकालाच आहे आणि तो मला नाही. माझे यजमान साकोलीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतात आणि उरलेल्या वेळात जुने, व्हॉल्व्हचे, लाकडी पेटीचे रेडिओ जमवतात. मी बँकेत काउंटरला बसते. येणाऱ्या माणसावर चटकन विश्वास ठेवायचा पगार मला मिळत नाही, म्हणून घरातली ती बाजू मी सांभाळते.

यांच्या फोनमध्ये जुन्या रेडिओवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात सुप्रभात टाकायला बंदी. रेडिओचं मागचं झाकण उघडून आतल्या तारांचा फोटो टाकला, की महाराष्ट्रभरातली साठ-सत्तर माणसं त्यावर हरखतात. लोक नातवंडाचा फोटो दाखवतात तसे हे तो फोटो मला दाखवायचे. मीही "छान आहे" म्हणायचे.

त्याच ग्रुपमधल्या कुणीतरी यांना एक रेडिओ विकला. खोकं आलं, उघडलं. आत सागवानाची चकचकीत पेटी, पितळी बटणं, काचेची डायल. यांनी अंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून तो सुरू केला. आता व्हॉल्व्हचा रेडिओ गरम व्हायला वेळ घेतो, आधी खरखरतो, मग बोलतो. हा लगेच बोलला. एका बाईच्या आवाजात, इंग्रजीत, आपण सुरू झालो आहोत असं त्यानं कळवलं.

यांनी मागचं झाकण उघडलं. आत पेटी रिकामी होती आणि तळाला मुठीएवढा एक ब्लूटूथचा स्पीकर डिंकानं चिकटवलेला होता.

विकणाऱ्याला फोन लावला तर त्यानं यांना ब्लॉक केलं होतं. हे बराच वेळ पेटीवरून हात फिरवत बसले.

"लाकूड मात्र सागवानच आहे," शेवटी म्हणाले.

मी हसले नाही. म्हणजे त्यांच्यासमोर हसले नाही. पण त्याच दिवशी सांगून टाकलं की यापुढचा रेडिओ मी घेणार.

"तुले रेडिओतलं काय समजते?"

"रेडिओतलं नाही समजत. माणसातलं समजते थोडंसं."

मग मी त्या ग्रुपात शिरले. काही दिवसांतच एका माणसाचा निरोप आला. तो स्वतःला फौजी म्हणवत होता. बदली झाली आहे, सामान काढायचं आहे, रेडिओ अगदी स्वस्तात देतो, फक्त टोकन म्हणून थोडे पैसे आधी पाठवा, असं सगळं हिंदीत. मी रेडिओबद्दल विचारलं होतं. त्यानं न मागता आपलं ओळखपत्र, कँटीनचं कार्ड आणि वर्दीतला फोटो पाठवला. काउंटरवर मी हे पाहिलेलं आहे. खरा माणूस कागद मागितल्यावर खिसे चाचपतो. खोटा माणूस खिडकीशी यायच्या आधीच कागद काढून ठेवतो.

रेडिओचा फोटो मात्र सुंदर होता. हे माझ्या खांद्यावरून पाहत होते आणि विरघळत चालले होते. "खरा असला तर?" म्हणाले.

मी तेव्हा भाजी चिरत होते. समोर वांगी होती. मी त्या माणसाला लिहिलं, की भैया, रेडिओ पसंत आहे, पण त्याच्यावर एक वांगं ठेवून फोटो पाठवा.

"मॅडम, बैंगन क्यों?"

"हमारे यहाँ रिवाज है."

थोड्या वेळानं फोटो आला. तोच रेडिओ, तीच भिंत, आणि वर एक जांभळं, गलेलठ्ठ, भरताचं वांगं. फक्त ते रेडिओला टेकलेलं नव्हतं. बोटभर वर, हवेत थांबलं होतं.

मी लिहिलं, "भैया, बैंगन हवा में है."

त्यानं माफी मागितली आणि दुसरा फोटो पाठवला. या वेळी वांगं बसलं होतं. पण रेडिओवर उजेड खिडकीकडून पडत होता आणि वांग्यावर भिंतीकडून. यांनी ते ओळखलं. विज्ञानाचे शिक्षक शेवटी. त्यांना आता रेडिओपेक्षा वांग्यातच रस वाटू लागला होता. "देठ दुसऱ्या बाजूले कर म्हण," मला हळूच म्हणाले.

मी तसं कळवलं. तिसऱ्या फोटोत देठ खरोखर दुसऱ्या बाजूला होता. त्यासाठी त्यानं अख्खा फोटोच उलटा केला होता, त्यामुळे डायलवरचे आकडे आरशात दिसावेत तसे दिसत होते. हे इतके हसले की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

मी पुन्हा काही लिहायच्या आत त्याचा निरोप आला. "मॅडम, आपको रेडिओ चाहिए कि सब्ज़ी?"

"दोनों. आप नागपुर तक ले आइए, हम स्टेशन पर मिलते हैं."

त्यावर त्यानं मला ब्लॉक केलं. आम्ही तो नंबर ग्रुपवर टाकला आणि सायबरवाल्यांकडे तक्रारही नोंदवली. तक्रारीत वांग्याचं काय लिहावं हा प्रश्न पडला होता. शेवटी "एक भाजी" असं लिहिलं.

यानंतर काही आठवड्यांनी बपेऱ्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ग्रुपात एक रेडिओ विकायला काढला. बपेरा म्हणजे तुमसर तालुक्याचं टोक, पुढे मध्यप्रदेश. आपल्याच जिल्ह्यातला रेडिओ पाहून हे जागचे उठले. मी फोन करून काकाजींना वांग्याचं सांगितलं. 

"ताई, मले वांग्यानं खाज सुटते. आमच्या घरात ते येत नाही. दोडका चालते काय?"

दोडका चालेल म्हटलं. चहा उकळेपर्यंत फोटो हजर. रेडिओवर दोडका, दोडक्याची सावली बरोबर जागी, आणि कोपऱ्यात कुणाचा तरी हात एका बकरीचा कान धरून तिला मागे ओढत होता. लगेच दुसरा फोटो आला. त्यात दोडका अर्धाच होता आणि बकरी चघळत होती. एवढं खोटं कोणी रचू शकत नाही. मी यांना म्हटलं, हा रेडिओ खरा आहे, आणि दोन्ही फोटो कौतुकानं ग्रुपवरही टाकले.

पण काकाजींचा फोन आला. आता त्यांची पाळी होती.

"मी दाखवला रेडिओ. आता तुमी खरे हे मी कायवरून समजू? तुमच्या डीपीवर दीक्षाभूमी आहे, ते मले दिसते. पण डीपी कोणीही लावते. मागच्या खेपी एकानं ट्रान्झिस्टर नेला. पैसे टाकले म्हणून फोटो दाखवला, मी मुकाट्यानं देऊन टाकला. पैसे आजपर्यंत रस्त्यातच आहेत. मग दुसरा आला, तो म्हणे हा कोड स्कॅन करा, पैसे येतील, तुमचा पिन टाका. मी म्हटलं, पैसे तुझे येऊन राहिले तर पिन माझा कायले पाहिजे? त्यानं फोनच ठेवला."

मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही सांगा, आम्ही काय करू?"

"तुमच्या मालकाले घराच्या दारात उभं करा. हातात झाडू द्या. उलटा. आन् फोटो पाठवा."

यांना हे मंजूर नव्हतं. पण रेडिओ हवा होता. इस्त्रीच्या शर्टात, उलटा झाडू भाल्यासारखा धरून हे दारात उभे राहिले. मी मुद्दाम दोन-तीनदा फोटो काढला, हलला म्हणून सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या बाई समोरून गेल्या.

"सर, शाळेत नाटक आहे काय?"

"हो," हे म्हणाले, आणि झाडू तसाच धरून राहिले.

रविवारी आम्ही निघालो. साकोलीहून तुमसर, तिथून बपेऱ्याची गाडी. काकाजी स्टँडवर घ्यायला आले होते. जय भीम झाला, तरी त्यांनी आधी फोन काढून फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस ताडून पाहिला. मग म्हणाले, "झाडू कुठे आहे?" आणि स्वतःच हसले.

घरी काकूंनी खाटेवर बसवलं. रेडिओ ओट्यावर होता. काकाजींनी तो लावला. रेडिओनं वेळ घेतला. आधी डायलच्या काचेमागं पिवळा उजेड हळूहळू चढला, मग गुरगुर, मग कुठूनतरी एक माणूस धानावरच्या किडीबद्दल बोलू लागला. यांनी डोळे मिटले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या वेळी मात्र थट्टा करावीशी वाटली नाही.

किडीवरचं भाषण पूर्ण ऐकून झाल्यावर मी फोनवरून पैसे पाठवले. माझ्या फोनवर हिरवी खूण आली. मी ती दाखवायला हात पुढं केला तर काकाजींनी मान फिरवली.

"ते दाखवू नका. मले मेसेज आला पाहिजे."

बरोबर होतं. मी बँकेतली बाई, मी काय बोलणार. पण मेसेज येईना. काकाजींचा फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरायचा, कधी मध्यप्रदेशचा, आणि मधेच दोन्ही सोडून द्यायचा. आम्ही बसून राहिलो. काकूंनी लाखोरीच्या डाळीचे वडे तळायला घेतले. ते खाल्ले. मेसेज नाही. भात-वरण झालं. मेसेज नाही. काकूंना आमच्यापुढं अवघडल्यासारखं होऊ लागलं. "अवो, घेऊन जाऊ द्या ना बिचाऱ्यायले. दिसते ना, चांगले आहेत."

"ट्रान्झिस्टरवालाही चांगलाच दिसत होता. तू तर त्याले चहा देल्ला होता."

काकूंनी आमची ताटं उचलली. मग काकाजी फोन उंच धरून तलावाच्या पाळीवर गेले. आम्ही ओट्यावरून पाहत होतो. धोतराचा सोगा एका हातात, फोन दुसऱ्या हातात, चालता चालता मधेच थांबायचे, परत मागं यायचे. त्यांच्या मागं ती बकरी. शेवटी पाळीच्या टोकाला उभे राहिले आणि तिथूनच हात हलवला. परत आल्यावर त्यांनी मेसेज मोठ्यानं वाचला, मग काकूंना वाचायला लावला, मग रेडिओवर एक जुनं धोतर पांघरून तो यांच्या मांडीवर ठेवला.

"न्या आता," म्हणाले. "रात्रीबेरात्री आवाज बसला तर घाबरू नका. दोन्ही बाजूनं थोडं थोपटा. वरून मारू नका."

येताना बसमध्ये यांनी रेडिओ कुणालाही धरू दिला नाही. मलाही नाही.

पुढं ग्रुपच्या ॲडमिननं मला सांगितलं की नवीन विकणाऱ्यांची परीक्षा तुम्हीच घ्या. मला काय, आवडीचंच काम. दर वेळी वेगळी वस्तू मागायची, म्हणजे आधीचा फोटो कामी येत नाही. कुणाला चमचा, कुणाला डाव्या पायाची चप्पल. काही माणसं रागावून निघून गेली, त्यांच्याबद्दल वाईट वाटलं नाही. पुण्याकडच्या एका सद्गृहस्थांना मी सहज लिहून गेले, रेडिओवर थोडा सांबार ठेवा. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्यांना कुठून माहीत असणार. त्यांनी वाटीभर गरम सांबार रेडिओवर ठेवला, शेजारी दोन इडल्याही. खाली लिहिलं, "चटणी करावी लागेल का?" माणूस अगदी खरा निघाला. त्याचा रेडिओ कोल्हापूरच्या कुणीतरी घेतला.

आणि मग एक दिवस हे शाळेतून धावत घरी आले. दुसऱ्या एका ग्रुपात एक रेडिओ विकायला होता. ओटा ओळखीचा, भिंत ओळखीची, वरचा दोडका तेवढा फोटोतून कापून टाकलेला. खालच्या कोपऱ्यात बकरीचा अर्धा कान राहून गेला होता. आमचाच रेडिओ कुणीतरी आम्हाला विकत होतं.

आमचा रेडिओ तेव्हा टेबलावर गात होता. हे संतापले होते. मी त्यांना बसवलं आणि त्या माणसाला विचारलं, रेडिओ चालू स्थितीत आहे का.

"एकदम चालू, मॅडम. माझ्यासमोरच वाजून राहिला."

"कोणतं गाणं?"

त्याचं टायपिंग दोनदा सुरू होऊन थांबलं. मग एका जुन्या हिंदी गाण्याचं नाव आलं. आमच्या टेबलावर त्या वेळी बाजारभाव चालले होते, तुमसरला धान, नागपूरला संत्री. मी ते मोबाइलवर टिपलं आणि आवाज तसाच त्याला पाठवला, वर रेडिओचा आत्ताचा फोटो. खाली लिहिलं, "तुमच्यासमोर वाजतो तर आवाज थोडा कमी करा ना, आमच्याकडे ऐकू येऊन राहिला."

दोन्ही निळ्या खुणा आल्या. थोड्याच वेळात ती जाहिरात गायब झाली आणि तो माणूसही. नंबर आम्ही सगळीकडे कळवला. यांनी त्या संध्याकाळी आपल्या सगळ्या फोटोंवर आडवं नाव टाकायला सुरुवात केली. आता रेडिओपेक्षा नावच मोठं दिसतं, पण ते मी बोलले नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकाजी-काकू साकोलीला एका लग्नाला आले होते. वाट वाकडी करून आमच्याकडे आले. काकाजी आल्या आल्या रेडिओपाशी गेले, काटा थोडा सरकवला, कान लावला आणि यांना म्हणाले, भिंतीपासून जरा दूर ठेवा, त्याले हवा लागते. मग दोघं मागचं झाकण उघडून त्यात डोकं घालून बसले. चहा निवून गेला.

काकू माझ्यामागं स्वयंपाकघरात आल्या.

"मले वाटलं, रेडिओ गेला म्हणजे घरात जागा होईल," त्या हळूच म्हणाल्या. "त्या पैशात यायनं दोन घेतले."