उतरलेल्या तारा

लढाई संपली त्या वर्षी सांगलीच्या संगीत विद्यालयात आमची सतारीची परीक्षा झाली. माझ्या शेजारी रहिमतपूरचा, फौजेतून परतलेला एक जवान होता. पास झाला तर त्याला गावच्या शाळेत मास्तरकी मिळणार होती. अध्यक्षांचं भाषण इतकं लांबलं, की उकाड्यानं सगळ्यांच्या तारा उतरल्या. त्याची पाळी आली, तेव्हा तो कान लावून खुंट्याच पिळत बसला.

"अहो, वेळ संपला. काहीतरी वाजवा!" परीक्षक वैतागले.

"बेसूर कसं वाजवू, सायेब?"

तो नापास झाला. बाकीचे आम्ही उतरलेल्या तारांवरच पास झालो.

परतीच्या गाडीत त्यानं सतारीची गवसणी काढली. "आता लागलीया. ऐक, गड्या."

रहिमतपूर येईपर्यंत डब्यात कुणी बोललं नाही. अध्यक्षही गप्प बसले असते.