ओझ्यापुरती हवा

नाना कोणालाही भेटले की आधी त्याच्या चाकांकडे बघत. माणूस सायकलवरून आलेला असो, स्कूटरवरून असो की नव्या कोऱ्या मोटारीतून, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "हवा बघितली का?" चहापाणी आणि ख्यालीखुशाली त्यानंतर. माझ्या लग्नात सजवलेली गाडी दारात उभी होती आणि एक गृहस्थ नवे कपडे सावरत तिच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून अंगठ्याने टायर दाबून बघत होते. गाडी बिघडली की काय, असं माझ्या मावशीने मला हळूच विचारलं. गाडी ठीक होती. ते माझे सासरे होते.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून, चौक गावच्या नाक्यावर, त्यांनी चाळीस वर्षं पंक्चरचं दुकान चालवलं. नाका त्यांना हवानाना म्हणायचा. शाळेला जाणारी पोरं त्याहून पुढची. "हवामान खातं आलं" म्हणत पळायची. नानांना ते आवडत असे. "त्या खात्याचा अंदाज चुकतो," ते म्हणत, "माझा अंगठा नाय चुकत." दुकानात हवा मोजायचं यंत्र होतं, पण ते खिळ्याला लटकलेलं. ज्या गिऱ्हाइकाचा अंगठ्यावर विश्वास बसत नसे, त्याच्यापुरतं ते खाली उतरे.

माझ्या मुलीच्या, मुक्ताच्या जन्माआधी पाच महिने नानांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात लवकर सुधारला. पाय मात्र थोडा ओढतच राहिला. दवाखान्यातून आल्यावर म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची भरली न् माझीच गेली." डॉक्टरांनी काठी दिली होती. ती त्यांनी दारामागच्या खुंटीला अडकवली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही. ट्रकची चाकं ज्या नाक्यावर एकट्याने उतरवली, तिथे काठी टेकत जायला ते तयार नव्हते. काठीशिवाय त्यांना एकटं सोडायला घर तयार नव्हतं. मग उरला ओटा. दुकान त्यांनी महेशच्या, म्हणजे पुतण्याच्या हवाली केलं आणि स्वतः ओट्यावर बसून, हमरस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकच्या आवाजावरून त्याचं कुठलं टायर बसलंय ते सांगत राहिले. ऐकायला बहुधा आईच असत, माझ्या सासूबाई. त्या भाजी निवडता निवडता म्हणत, "जा मंग, सांगून या त्याला." नाना पुढच्या ट्रककडे कान लावत. नाका अर्ध्या किलोमीटरवर होता आणि वर्षभर त्यांनी तो पाहिला नव्हता.

मुक्ता आठ महिन्यांची झाली, अंगाने चांगली भरली, आणि तिला कडेवर घेऊन फिरणं आईंच्या कमरेला झेपेना. बाबागाडी घ्यायची ठरली. मी कर्जतच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे; वाचल्याशिवाय मला काही विकत घेता येत नाही. महिनाभर वाचून मी वहीत यादी केली. पाच ठिकाणी बांधायचा पट्टा हवा, पायाने लागणारा ब्रेक हवा, पुढचं चाक हवं तेव्हा वळतं ठेवता आणि हवं तेव्हा सरळ अडकवता आलं पाहिजे. नानांनी सगळी यादी शांतपणे ऐकून घेतली. ते मला मास्तरीण म्हणत. मी शिकवत नाही, हे त्यांना अनेकदा सांगून झालं होतं. शाळेत जाते ती मास्तरीण, असा त्यांचा हिशेब. यादी संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ट्यूब हाय का?"

ती कर्जतच्या दुकानातल्या कुठल्याच गाडीला नव्हती. चार-चार छोटी प्लास्टिकची चाकं होती. नानांनी त्यातली एक गाडी दुकानदाराला विचारून बाहेर नेली आणि रस्त्याकडेच्या खडीत घातली. चार पावलांवर ती रुतली. ही गुळगुळीत फरशीवर छान चालते, असं दुकानदार म्हणाला. "आमच्याकडं फरशी घरातच हाय," नाना म्हणाले, "घरात ती रांगते."

शेवटी गाडी मिळाली ती शेलूला. तिथल्या नव्या इमारतीत राहणाऱ्या एका जोडप्याचा मुलगा मोठा झाला होता, त्यांना ती काढून टाकायची होती. मागे दोन मोठी चाकं, पुढे एक, आणि तिन्हींत ट्यूब. नानांचा चेहराच उजळला. म्हणाले, हा तर पांगुळगाडा. त्या बाई हसल्या. पांगुळगाडा चालायला शिकणारं मूल ढकलतं, यात मूल बसतं, असं त्यांनी समजावलं. "तीन चाकं हायत ना? मंग पांगुळगाडाच," नाना म्हणाले. आमच्या घरात तिचं तेच नाव पडलं.

मग त्यांनी बाईंकडे आठ किलो तांदूळ मागितले. पिशवी गाडीत बसवली, पट्ट्याने बांधली आणि इमारतीच्या बोळातून चार फेऱ्या घातल्या. एकेक चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं. दांडा वर-खाली करून आपल्या कमरेच्या उंचीला आणला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. ते दमले असतील, असं मला वाटलं. खाली उतारावर नेऊन ब्रेक मी लावून बघितला. डावीकडचा घसरत होता. नाना ओशाळले. "ब्रेक डायवर बघतो, आमी नाय बघत," एवढं म्हणाले आणि घरी आल्यावर एक वायसर घालून त्यांनी तो असा केला की आजही तो बारीकसुद्धा हलत नाही.

पहिल्या दिवशी मात्र त्यांची सवय आड आली. चाळीस वर्षांच्या हाताने त्यांनी तिन्ही चाकं दगडासारखी टणक केली. मुक्ताला बसवून अंगणात फिरवलं तर तिचे गाल थरथरायला लागले. आई ओट्यावरून म्हणाल्या, "पोरीच्या पोटातल्या दुधाचं ताक करताय का?" मी टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचून दाखवला, हवा त्या आकड्यापेक्षा कमीच होती. नानांनी मान हलवली. "लिवलंय ते टायरला किती झेपतं ते. बसलीय पोरगी. ओझ्यापरमानं हवा पायजे गं." मग ते जमिनीवर बसले, हळूहळू हवा सोडत गेले, मधूनमधून गाडी फरशीच्या कडेवरून उतरवून बघत राहिले. मुक्ताचे गाल थरथरायचे थांबले तेव्हा त्यांचं बोटही थांबलं. माझा अंगठा त्यांनी टायरवर दाबला आणि हे ध्यानात ठेव म्हणाले. पुढे मुक्ताचं वजन वाढलं की हवाही किंचित वाढे.

गाडीची निगा म्हणजे त्यांची पूजाच होती. संध्याकाळी ओल्या फडक्याने चाकं पुसायची आणि बोट फिरवून बाभळीचा काटा शोधायचा. आसाला खोबरेल लावू द्यायचे नाहीत, धूळ धरते म्हणत. ग्रीस, तेही तांदळाएवढं. पावसाळ्यात आमच्याकडे चामड्याच्या पाकिटालासुद्धा बुरशी येते. गाडीचं कापड काढून, कोमट पाण्यात धुऊन ते चुलीशेजारी सुकवत आणि पूर्ण सुकल्याशिवाय परत चढवत नसत. गाडी कधी जमिनीवर उभी ठेवायची नाही, भिंतीच्या हुकाला टांगायची. एका जागी उभं राहिलं की टायर बसतं, असं ते सांगत. हे सांगताना ते स्वतः वर्षभर एका जागी बसून काढल्यानंतरचे नाना होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

कारण गाडी आल्यापासून नाना उठले होते. सकाळी सातला ते मुक्ताला बांधत, दांड्याची दोरी मनगटात अडकवत आणि निघत. पहिले काही दिवस आई मागोमाग जाऊन बघून आल्या. नाना ताठ चालत होते. महिन्याभरात ते नाक्यापर्यंत पोचले. नातीला फिरवणाऱ्या आजोबाकडे कोण बघतो? सगळे नातीकडे बघत. महेश तिला दुकानात ट्यूबची हवा सोडून दाखवी. मुक्ताचा पहिला शब्द आई नव्हता, आबाही नव्हता. तो होता "फुस्स". माझा नवरा सगळ्यांना सांगे की नातीने आजोबांना बरं केलं. मलाही तसंच वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत नाना दोन दिवस तापाने पडून होते, म्हणून गाडी पुसायचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या चाकावर अंगठा दाबला. मुक्तापुरती हवा. मागची दोन्ही दाबली, ती टणक होती. चूक झाली असेल म्हणून मी हवा सोडायला बसले आणि मग इतर गोष्टी दिसायला लागल्या. दांड्यावरचं मऊ वेष्टण डाव्या बाजूला पार झिजलं होतं. पुढच्या पायदानाखाली एक पाच किलोचं लोखंडी वजन ट्यूबच्या पट्टीने बांधलेलं होतं. त्याबद्दल मी पूर्वी विचारलं होतं. ट्रक जवळून गेला की वाऱ्याने गाडी कलंडू नये म्हणून, असं नाना म्हणाले होते. ते वाऱ्यासाठी नव्हतं. मागे दांड्यावर कोणी भार टाकला की पुढचं चाक उचललं जातं. ते उचललं जाऊ नये म्हणून होतं. नाना मुक्ताला फिरवत होते आणि गाडी नानांना.

मी पायरीवर बसून राहिले. माझी मुलगी रोज एका अशा माणसाच्या हातात जात होती, ज्याला उभं राहायला तिच्याच गाडीचा आधार लागत होता. वाटेत मोरीजवळ उतार आहे. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी हे बंद केलं असतं, आणि त्याचं चुकलंही नसतं. मग नाना पुन्हा ओट्यावर, आणि खुंटीला काठी. हवा सोडायची की नाही, एवढाच प्रश्न माझ्या हातात होता. मी सोडली नाही.

नाना बरे झाले त्या दिवशी सकाळी मी चपला घालून तयार राहिले. शाळेत बसून बसून पाठ धरते, मलाही चालायचंय, असं म्हणाले. त्यांच्या आधी उठून मागच्या चाकांत थोडी हवा भरून ठेवली होती. तापाच्या दिवसांत ती किंचित उतरली होती. नाना आले, वाकले, पुढचं चाक दाबलं, मग मागची. तसेच वाकलेले राहिले.

"मागं किती ठेवलीस?"

"दोघांपुरती," मी म्हणाले.

त्यांनी मुक्ताचा पट्टा दोनदा तपासला. दारातून बाहेर पडल्यावर, आई ऐकू शकणार नाहीत एवढं लांब आल्यावर म्हणाले, "मास्तरीण, तू दुकानात पायजे होतीस." आणि थोडं पुढे गेल्यावर, "मोरीच्या उताराला दांडा तू धर. तिथं माझ्या पायाचा भरवसा नाय." पायाबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

त्यानंतर वर्षाहून अधिक काळ आम्ही तिघं सात वाजता निघत होतो. समोर प्रबळगड, डावीकडे मी, मध्ये नाना, पुढे मुक्ता. शाळेच्या दिवशी माझी धावपळ होई, तरी मी चुकवलं नाही. उतार आला की नाना दांडा माझ्याकडे देत, माझा खांदा धरत आणि उतार संपला की खांदा सोडून दांडा परत घेत. मी शाळेतल्या पुस्तकांबद्दल सांगे. ते ऐकून घेत आणि मधेच एखाद्या उभ्या ट्रककडे बघून म्हणत, "ह्याचं मागचं आतलं गेलंय, बघ." मी इतकी पुस्तकं वाचली, पण तसली सकाळ कशात नव्हती.

नाना झोपेतच गेले. आदल्या दिवशीही नाक्यावर जाऊन आले होते. मागच्या चाकांची गोष्ट मी नवऱ्याला दिवसकार्य झाल्यावर सांगितली. तो बराच वेळ खुंटीवरच्या काठीकडे बघत राहिला. आईंना नवल वाटलं नाही. "मला कवाच म्हाईत," त्या म्हणाल्या. "त्यांची डावी चप्पल झिजायची थांबली, तवाच कळलं."

याला सात महिने झाले. मुक्ता आता धावते, गाडीत बसत नाही. गाडी हुकाला टांगलेली असे. टायरमधली हवा आपोआप उतरते, म्हणून दर पंधरा दिवसांनी मी पंप घेऊन ती भरत होते, मागे टणक, पुढे मऊ. ओझं नसलेल्या गाडीत हवा कशाला, असं नानांनी नक्की विचारलं असतं.

गेल्या रविवारी महेश आला. त्याचा मुलगा सात महिन्यांचा झाला आहे. पांगुळगाडा त्यालाच द्यायचा, हे आईंनी ठरवलं होतं. त्याने गाडी हुकावरून उतरवली आणि सवयीने चाकं दाबली.

"वहिनी, मागं हवा लय हाय. काढू?"

"थांब," मी म्हणाले, "मी काढते."

आधी पायदानाखालचं वजन सोडवून ठेवलं. मग खाली बसून टोपण काढलं, नखाने पिन दाबली, दुसऱ्या हाताचा अंगठा टायरवर ठेवला. घाई केली नाही. मूल बसेल एवढी राहू दिली, बाकीची जाऊ दिली. एका चाकातली, मग दुसऱ्यातली. मुक्ता माझ्याशेजारी उकिडवी बसून बघत होती.

"फुस्स," ती म्हणाली.