भायांचं डिवचणं

विस्तव विझत आला की काडीनं डिवचायचा, हे मला लहानपणापासून ठाऊक. डिवचलं की तो फुलतो, भाकर होते. माणसाला कशाला डिवचतात ते सासरी आल्यावर कळलं. आमचे भाया, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, त्यात तयार. शिवी देत नाहीत, अंगावर येत नाहीत. दुखेल तिथं बोट लावतात आणि गप उभे राहतात.

आमचं रान त्यांच्या शेजारीच, मुखेडच्या रस्त्याला. मालक लातूरला धान्याच्या मोंढ्यात हमाली करतात, अधूनमधून येतात. मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. मारामारीची केस झाली तर भरती संपली, हे त्याला ठाऊक, मला ठाऊक आणि भायांनाही.

यंदा पेरणीआधी त्यांनी दोन रानांमधला धुरा, म्हणजे बांध, मोडून ट्रॅक्टर आमच्या रानात घातला. मुलगा विचारायला गेला. मी मागं पळाले.

"या फौजदारसाहेब," भाया म्हणाले. "वर्दी शिवायला टाकली का न्हाई?"

"काका, धुरा कुठं होता अन् तुम्ही कुठं आलाव?"

"बापाला विचार की. पोती वाहून वाहून वाकलाय, त्याला काय धुरा दिसतो!"

मुलाची मूठ वळली. पलीकडं भायांचा पोरगा मोबाईल धरून शूटिंग काढत होता.

"मार की," भाया हळूच म्हणाले. "तुझ्या बापाला तर तेबी जमलं न्हाई."

लग्न झाल्यापासून मी भायांशी बोलले नव्हते. पदर पुढं ओढायचा आणि लेकरांकडून निरोप द्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी मी मुलाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "घ्या दादा. अजून एक पट्टा घ्या. पण माझ्या पोराला सोडा."

भायांनी ट्रॅक्टरवाल्याला हात केला, "चल रं."

वाटेत मुलगा एवढंच म्हणाला, "आई, रानच देऊन टाकलंस की."

मी म्हणाले, "हाव, दिलं."

त्या पट्ट्यावर आता त्यांचं सोयाबीन वर आलंय. मालकांना अजून सांगितलेलं नाही. मुलगा माझ्याशी जेवणापुरतं बोलतो. पहाटे पळायला जातो, पण भायांच्या रानाकडून नाही, लांबच्या वाटेनं. तेवढं माझं ऐकतो. भरतीची तारीख अजून लागली नाही. तो परत येईपर्यंत मी दारात उभी राहते. पाय भरून येतात, पण बसवत नाही.