आप्पांच्या कागदावरचा शब्द

आप्पांना कुणी ‘मेजर’ म्हटलेलं चालायचं नाही. आमच्या उंब्रजकडं फौजेत गेलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, मग तो तिथं शिपाई असो की स्वयंपाकी. स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर कुणी नव्यानं ‘या मेजर’ म्हटलं, की आप्पा ग्लास हातात घ्यायच्या आधीच सांगायचे, “मेजर म्हनू नगा. मी रिटायर न्हाई. मला काढलंय.” समोरचा ओशाळायचा. आप्पा निवांत चहा प्यायचे.

मी अकरा वर्षं त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिले. शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून त्यांचे अर्ज माझ्याकडे आले. राहायला गेल्यावर महिन्याभरातच ते प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. “बाई, सवड असंल तर येक अर्ज लिवून पायजे. घाई न्हाई. धा वर्सं झालीच हायती.” पिशवीत त्यांचं फौजेतलं सर्व्हिस बुक होतं. तेरा वर्षांची नोकरी, त्यात लाल शाईचे चार शेरे, चारही सुट्टी संपल्यावर वेळेत हजर न झाल्याचे. शेवटच्या पानावर कमी करण्याचं कारण, आणि त्यात एक इंग्रजी शब्द. त्याचा अर्थ, नको असलेला माणूस. आप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बोट बरोबर त्याच शब्दावर जायचं. “पेन्शन मागू नगा. येवढा शब्द काढा म्हनावं.”

खोटं मात्र लिहू द्यायचे नाहीत. एकदा मी आपली अक्कल चालवून ‘आईचं आजारपण’ असं कारण घातलं. त्यांनी अर्थ विचारला आणि कागद परत माझ्यासमोर ठेवला. “आई ठणठणीत हुती माजी तवा.”

“मग काय लिहू?”

“घरगुती कारण.”

दर वर्षी घरगुती कारण. दर वर्षी तेच दोन ओळींचं उत्तर : आपल्या विनंतीचा विचार केला, बदल करता येत नाही. आप्पा ते उत्तर पिशवीत घालायचे आणि दिवाळी झाली की पुन्हा दारात यायचे. खरं सांगते, मी कंटाळले होते. एका वर्षी अंगात ताप आहे म्हणून खोटंच सांगितलं. “बरं वाटल्यावर लिवा,” म्हणाले, आणि बायकोच्या, शालनकाकींच्या, हातचा काढा घेऊन आले. तो मला प्यावा लागला.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर माजी सैनिकांची रांग पुढं असायची. आप्पा मागं, पाण्याच्या टाकीजवळ उभे राहायचे. झेंडा वर गेला की तिथूनच सॅल्यूट. सरपंचांनी दोनदा पुढं बोलावलं. ते गेले नाहीत.

मग कुणीतरी सांगलीच्या एका वकिलांचं नाव सांगितलं. ते स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. आम्ही दोघं गेलो. वकिलांनी सगळं वाचलं आणि विचारलं, “चारही वेळा घरी काय चाललं होतं?” आप्पा खिडकीबाहेर बघत बसले. “कारण नसेल तर केस उभी राहायची नाही,” वकील म्हणाले.

परत येताना सांगलीच्या स्टँडवर बसची वाट बघत बसलो होतो. आप्पा आपणहून बोलले. “पोर गेलं तवापास्नं हिचं डोकं फिरलं हुतं. नदीकडं चालत सुटायची. सुट्टी संपली की म्या पेटी भरायचो, आन् ही मला इचारायची, पावनं, जेवून जाता न्हवं? आता सांगा, कसा जानार?”

“डॉक्टरांचे कागद आहेत?”

“मिरजेचे हायती. टरंकंत.”

“मग ते का लावत नाही?”

“ती आता बरी हाय बाई. तिचं येड सरकारी कागदावर चढवून माजा शब्द उतरवू व्हय?”

आठवडाभरानं मी शालनकाकींना सगळं सांगितलं. विश्वासानं सांगितलेलं मी फोडलं. ते बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. काकी मेथी निवडत होत्या. ऐकून घेतलं, निवडणं पुरं केलं. संध्याकाळी मिरजेचे कागद माझ्या टेबलावर आणून ठेवले.

“लिवा. मला येड लागलं हुतं. व्हय, लागलं हुतं. खाली मी सही करते.”

आप्पा दारात येऊन उभे होते. “शालन, नगं.”

“तुमी गप बसा. इतकी वर्सं गप बसलासा, आनि थोडं बसा.”

केस तीन वर्षं चालली. मुंबईच्या फेऱ्या, पुढच्या तारखा, आप्पांचे गुडघे. एकदा तर निम्म्या वाटेवरच कळलं की सुनावणी नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ते म्हणाले, “सोडून द्यावं का बाई?” मी उत्तर दिलं नाही, कारण माझं उत्तर ‘हो’ होतं.

निकाल आला तेव्हा मी तो ओसरीवर बसून वाचला. शब्द काढायचा आणि त्या जागी ‘सेवेतून मुक्त’ असं नोंदवायचं, असा हुकूम होता.

“म्हंजी आता त्यो शब्द न्हाई?”

“नाही आप्पा.”

“न्हाईच?”

“नाहीच.”

ते हसले नाहीत, रडलेही नाहीत. “लय दमलो बाई,” म्हणाले आणि अंगातल्या कपड्यांनिशी ओसरीवरच आडवे झाले. दिवेलागणीपर्यंत झोपले होते. काकींनी कुणाला उठवू दिलं नाही.

त्याच वर्षी माझी सांगलीला बदली झाली. आप्पा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकी एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “कागद आल्याव रोज येकच धरून बसायचे. तुजं नाव त्यात घालाय नगं हुतं, म्हनायचे.”

“मग तुम्ही काय म्हणायचा?”

“म्या म्हनायची, ऱ्हाऊ द्या की. कुठल्यातरी कागदाव माजं बी नाव तुमच्यासंगं लागू द्या.”