विजेची मेणबत्ती

स्पेनच्या सेव्हिल शहरातली जुनी चर्चेस पायी हिंडवणाऱ्या गाइडबाईंनी छत्री उंच धरून आम्हाला चौथ्या चर्चमध्ये नेलं. वेदीमागची सोन्याने मढवलेली कोरीव भिंत छताला टेकली होती. "एवढ्या सोन्यात देव सापडायचा कसा?" मी बायकोच्या कानात म्हणालो. एरवी तिने चिमटा काढला असता. आज तिचं लक्ष पर्समधल्या फोनकडे होतं. पुण्यात तिच्या बहिणीच्या हृदयाची शस्त्रक्रिया चालू होती आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेळ केव्हाच उलटली होती.

कोपऱ्यात प्लास्टिकच्या मेणबत्त्या मांडल्या होत्या. नाणं टाकलं की एक दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो.

"भक्तीलाही मीटर बसवलाय," मी म्हणालो.

"अहो, सुटे द्या. आणि जरा गप्प बसा."

तिने नाणं टाकलं आणि हात जोडून डोळे मिटले.

आमच्या घरी देवापुढची ज्योत फडफडली की आई धावत जाऊन खिडकी लावायची. मी हसायचो. आता वाटतं, डॉक्टरांच्या हातांवर विश्वास असला तरी त्या हातांजवळ आपल्याला कुणी उभं करत नाही. दिव्याजवळ मात्र उभं राहता येतं.

"चला, पुढचं चर्च बंद होईल," गाइडबाईंनी दारातून छत्री हलवली. फोन अजून गप्पच होता. तेवढ्यात बायकोचा दिवा विझला.

तिने डोळे उघडायच्या आत मी दुसरं नाणं आत सोडलं.