नृसिंहरावांची पाठ

कालिंदी गारगोटीहून लग्न होऊन कोल्हापुरात आली, त्याला त्रेपन्न सालच्या मे महिन्यात सात वर्षं झाली. एवढ्या काळात तिनं कोल्हापुरातलं जे जे बघितलं, ते नवऱ्याच्या पाठीमागून. रंकाळा बघितला तो त्यांच्या उजव्या खांद्यावरून, नवा राजवाडा बघितला तो टोपीच्या डावीकडून. नृसिंहराव चांगले उंच होते आणि बरोबर पंधरा पावलं पुढं चालायचे. चौदा नाही, सोळा नाही.

यात रागलोभ काही नव्हता. त्यांचे वडील असेच चालत आणि आजोबाही असेच चालले असणार. बायकोच्या शेजारून चालणारा माणूस नृसिंहरावांच्या लेखी एकतर सिनेमातला, नाहीतर मुंबईचा. संस्थान विलीन झालं, कचेरीच्या दारावरची पाटी बदलली, साहेब बदलले, पण तिथल्या या कारकुनाची पंधरा पावलं काही कमी झाली नाहीत. वाटेत मागं वळून बघणं तर त्यांना अगदीच हलकं वाटे. कचेरीतलं कुणी पाहिलं म्हणजे?

माणूस मात्र हौशी, हे कबूल करायलाच हवं. दर मे महिन्यात सासूबाई आपल्या लेकीकडं बिद्रीला जात आणि राजारामपुरीतल्या त्या दोन खोल्यांत नवराबायकोच उरत. मग चार रविवार चार सहली ठरलेल्या. पहिल्या रविवारी रंकाळा. तिथं नृसिंहराव कठड्याशी उभे राहून पाण्याकडं तोंड करून भेळ खात, आणि कालिंदी मागं बायकांच्या घोळक्यात बसून त्यांच्याकडं तोंड करून भेळ खाई. दुसऱ्या रविवारी टेंबलाईची टेकडी. तिसऱ्या रविवारी सिनेमा. तिथं ती बायकांच्या जागेत आणि ते पुरुषांच्या जागेत. घरी आल्यावर ते गोष्ट सांगू लागले की तिला वाटे, आपण भलताच सिनेमा बघून आलो. चौथा रविवार जे काही नवीन आलं असेल त्याचा.

या उन्हाळ्यात कालिंदीनं मनाशी एक ठरवलं होतं. तिच्या भावानं तिला पातळ घेतलं होतं. डाळिंबी रंगाचं, काठ मोरपंखी. ते नेसायचं आणि त्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. चार रविवारांत एकदा तरी त्यांनी वळून बघावं आणि म्हणावं, "हे नवीन वाटतं?" बस्स. तेवढंच हवं होतं तिला.

पहिला रविवार गेला. दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी शेजारची चिमणाबाई कट्ट्यावर लसूण सोलत बसली होती. ती म्हैस बाळगून होती, दूध घालायची, आणि गल्लीतलं सगळं तिला ठाऊक असायचं.

"काय म्हनत्यात मालक?" तिनं कालिंदीच्या पदराकडं बघत विचारलं.

"काही नाही."

"तीन आईतवार झालं की गं! आमची म्हस नवी घंटी बांधली तर मान फिरवून बघती."

चौथ्या रविवारी कालिंदी पुन्हा तेच पातळ नेसली. उद्या सोमवारी सासूबाई यायच्या होत्या. म्हणजे आज नाही तर पुढच्या मेपर्यंत नाहीच. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत नृसिंहराव पंधरा पावलं पुढं गेले होते.

वरुणतीर्थाजवळच्या मैदानावर प्रदर्शन लागलं होतं. आत उसाचे चरक, पाण्याची इंजिनं, विहिरीत फटफटी चालवणारा माणूस, आणि सगळ्यावर ओरडणारा कर्णा. नृसिंहराव चालता चालता प्रत्येक वस्तूची माहिती सांगत. पुढं बघूनच. कालिंदी हं, हं म्हणत होती. एका मांडवात धूर न होणारी चूल पेटवून एक बाई भाकरी भाजून दाखवत होती. धूर खरंच होत नव्हता. कालिंदी क्षणभर थांबली. भाकरी टम्म फुगली. ती तव्यावरून उतरेपर्यंत थांबावंसं वाटलं. तिनं मान वर केली तेव्हा पाठी पुष्कळ होत्या, तिची नव्हती.

ती मैदानाला दोनदा फेरी घालून आली. हाक मारावी तर कशी? नाव तर घ्यायचं नाही. "अहो" म्हणून हाक मारली तर दहा नवरे वळले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी कर्ण्याच्या उंच लाकडी माचाशी जाऊन ती उभी राहिली. तिथं कृष्णात नावाचा एक गलमिशावाला माणूस हरवलेली पोरं आणि सापडलेल्या चपला पुकारत बसला होता.

"हरावलाईसा व्हय ताई?"

"मी नाही. ते हरवलेत."

"बरं. मालकांचं नाव?"

कालिंदीनं पदर तोंडाशी नेला. आजूबाजूच्या बायकांना तिची अडचण लगेच कळली. "उखाणा घ्या की वो!" त्या म्हणाल्या. कृष्णातनं तेवढ्यात बोलायचं यंत्र तिच्या तोंडासमोर धरलं. चार दिवसांत त्याला एवढी मजा आली नव्हती. कालिंदीनं डोळे मिटले आणि जे सुचलं ते म्हणून टाकलं.

"रंकाळ्याच्या काठावर भेळ मिळते गोड, नृसिंहरावांना नाही मागं बघायची खोड!"

आख्खं मैदान हसलं. फटफटीवाल्यानंसुद्धा विहिरीत फटफटी थांबवली.

"आता दिसायला कसं हाईत, तेबी सांगा."

हे तिला सोपं होतं. ती घडाघडा सांगू लागली. "मानेवर डावीकडं मसुराएवढा तीळ आहे. काळ्या टोपीखालून शेंडीचे दोन केस बाहेर येतात. कोटाला मधोमध रफू आहे, मीच केलंय, उंदरानं कुरतडलेलं. फायली वाहून वाहून उजवा खांदा जरा खाली आलाय. उजव्या चपलेची टाच बाहेरून झिजलीय. आणि दर दहा पावलांनी धोतराचा सोगा सावरतात."

"ताई, ही सगळी पाठच झाली की! म्होरनं कसं दिसत्यात?"

कालिंदी अडखळली. तिनं खरोखरच आठवून बघितलं. "समोरून..." ती म्हणाली, "समोरून चांगले आहेत."

यानंतर मैदानावर जो गोंधळ झाला तो तिला मागाहून कळला. जो तो पुढच्याची टोपी सरकवून तीळ शोधू लागला. नृसिंहराव उसाच्या चरकापाशी उभे होते आणि पाव तासापासून चरकाची माहिती सांगत होते. मागून "व्हय, व्हय" असं येत होतं, म्हणून त्यांना काही शंका आली नव्हती. सात वर्षांत कालिंदी कधी व्हय म्हणाली नव्हती, ती हं म्हणायची, पण एवढं कोण बघतो! ते व्हय म्हणणारे आकाराम नावाचे कागलचे एक म्हातारे होते. त्यांनी नृसिंहरावांच्या कोटावर बोट ठेवलं आणि बोंब ठोकली, "रफू हाय! तीळबी हाय! गावला, गावला!"

तीस-चाळीस माणसांनी त्यांना वाजतगाजत माचाशी आणलं. कालिंदीला बसायला म्हणून कृष्णातनं मागं कापडी पडद्याआड खुर्ची दिली होती. तिला आवाज ऐकू येत होते, दिसत काही नव्हतं.

"थांबा पावणं," कृष्णात म्हणाला. "अशी कुणाचीबी बायकू कुणाच्याबी हवाली करता येत न्हाय. खूण पटवा. तुमच्या मंडळींनी तुमचा तीळ न् तीळ सांगितला. तुम्ही नुस्ता लुगड्याचा रंग सांगा, आनि घिऊन जावा."

पडद्याआड कालिंदीनं पदर मुठीत धरला.

नृसिंहरावांनी धोतराचा सोगा सावरला. मग म्हणाले, "हिरवं."

"न्हाय!" बायका एका सुरात ओरडल्या.

"निळं?"

"न्हाय!"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. कालिंदीलाही आधी हसू आलं. मग ते ओसरलं. चार रविवार, तिला वाटलं, आणि यांनी एक काठसुद्धा बघितला नाही. तिला फार वाईट वाटलं. पातळ घडी करून भावाला परत पाठवून द्यावं असं वाटलं.

तेवढ्यात नृसिंहराव म्हणाले, "मला माहीत नाही."

हळू म्हणाले, स्वतःशीच. पण यंत्र समोर होतं. कर्ण्यानं ते आख्ख्या मैदानाला सांगितलं, आणि मैदान एकदम गप्प झालं. एवढा मोठा माणूस कधी एवढ्या लहान आवाजात बोललेला कालिंदीनं ऐकला नव्हता. ती उठली, पडदा सारून बाहेर आली आणि म्हणाली, "हेच आहेत. माझेच आहेत."

फाटकातून बाहेर पडल्यावर नृसिंहराव सवयीनं पुढं निघाले. पाच पावलं गेले आणि थांबले. मग वळले. तोंड लाल झालं होतं, पण वळले. "तू पुढं हो," ते म्हणाले.

कालिंदी पुढं झाली आणि पंचाईत झाली. पुढं पाठ नसली की रस्ता केवढा मोठा दिसतो, हे तिला प्रथमच कळलं. आपण कशा चालतोय, अंबाडा सुटला नाही ना, हजार गोष्टी डोक्यात आल्या. मिरजकर तिकटीपर्यंत ती चारदा मागं वळली. दरवेळी ते तिच्याकडंच बघत होते, आणि कचेरीतल्या फायलीकडं बघावं तसे कपाळाला आठ्या घालून.

बिंदू चौकात मागून आवाज आला. "तुझ्या पदराला मागं हळद लागलीय."

"असेल."

आणखी थोड्या वेळानं, "तू डाव्या पायानं लंगडतेस का?"

"चप्पल चावते. दोन वर्षं झाली."

"मग बोलली नाहीस ती?"

"कुणाशी बोलू? पाठीशी?"

चार पावलं भरभर टाकून नृसिंहराव तिच्या शेजारी आले. त्यांची ढांग मोठी, तिची लहान, त्यामुळं जमेना. मग त्यांनी आपली ढांग लहान केली. आता ते स्वतःच लंगडल्यासारखे दिसत होते.

"काय म्हणायचं या रंगाला?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"डाळिंबी."

"डाळिंबी," ते म्हणाले. पुढं पुन्हा म्हणाले. राजारामपुरीत शिरेपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं, ओठातल्या ओठात, परीक्षेला निघाल्यासारखं.

दिवेलागण झाली होती. चिमणाबाई कट्ट्यावरच होती. दोघं शेजारी शेजारी येताना बघून तिच्या हातातलं सूप कलंडलं.

"काय वो मालक," तिनं सावरून विचारलं, "कसं काय हुतं परदर्शन?"

नृसिंहराव दचकले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "डाळिंबी."